बाल्कनीतलं उभं हायड्रोपोनिक्स: आधी पाणी, मग पाइप, रोपं सगळ्यात शेवटी

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, न्यूट्रिएंट (पाण्यात विरघळणारं खत) घातलेल्या पाण्यावर रोपं वाढवणं. हे लिहायला बसले कारण तीच चूक परत परत बघून जीव तुटतो. पुण्यात ओळखीच्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या बऱ्याच बाल्कन्या बघून झाल्यात आता, आणि जिथे जिथे टॉवर (रोपं लावायचा उभा खांब) बंद पडून कोपऱ्यात धूळ खात उभा होता तिथे गोष्ट एकच निघाली. आधी टॉवर आला, मग बिया आल्या, मग न्यूट्रिएंटच्या ए आणि बी बाटल्या आल्या, आणि नळाला येणारं पाणी कसलंय हे कोणी बघितलंच नाही. रोपं दहा दिवस छान दिसली, मग पिवळी पडली, मग लोक म्हणाले की हे आपल्याकडे जमत नाही. जमतं हो. क्रम उलटा झालेला असतो फक्त.

खाली जो सेटअप सांगतेय तो २४ रोपांचा आहे, चार आडव्या पाइपांचा, एकावर एक, पायऱ्यांसारखा. पंप टाकीतलं न्यूट्रिएंटचं पाणी पाइपांत चढवतो आणि ते परत टाकीत येतं. फ्लॅटच्या बाल्कनीत बसतो, पहिल्यांदा करणाऱ्याला झेपतो, आणि लाइट गेली तरी लगेच मरत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तयार उभा टॉवर घेतला असेल तर पाइप आणि एंड कॅपचं काम सोडून बाकी सगळं तसंच लागू आहे.

टप्पा १: आठवडाभर फक्त मोजायचं, काही विकत आणायचं नाही

काही नाही म्हणजे तीन वस्तू सोडून. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतो, आकडे मिलिसीमेन्स/सेंमीमध्ये), पीएच मीटर (पाणी किती आम्ल ते दाखवतो) आणि पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर. आणि एक वही.

आधी ऊन. पालेभाज्यांना रोज चार ते सहा तास थेट ऊन लागतं. सकाळी आठला, बाराला आणि चारला बाल्कनीचा फोटो काढा, उन्हाची रेघ जमिनीवर कुठपर्यंत येते ते दिसेल. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी. दक्षिणेची हिवाळ्यात सोन्यासारखी, कारण सूर्य खाली असतो आणि ऊन आतपर्यंत येतं. पश्चिमेची चालते, पण मार्चनंतर दुपारी हिरवी शेडनेट लावावीच लागते. उत्तरेची असेल तर एलईडी ग्रो लाइटशिवाय लेट्यूसच्या मागे लागू नका, ते बारा-चौदा तास चालू ठेवावे लागतात, पुदिना मात्र कमी उजेडातही बरा येतो.

मग पाणी, आणि इथे थांबून नीट वाचा. सात दिवस रोज सकाळी नळाचं पाणी ग्लासात घेऊन ईसी आणि पीएच मोजायचा आणि वहीत लिहायचा. एकदा मोजून भागत नाही, कारण बऱ्याच सोसायट्यांमध्ये खालच्या टाकीत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं, आणि कुठल्या दिवशी कुठलं जास्त हे वॉचमनलाच माहीत असतं (त्यालाच विचारा, तो बरोबर सांगतो). धरणाचं पाणी असेल तर टीडीएस (तेच क्षार, पण पीपीएममध्ये) बहुतेक वेळा दीडशेच्या आत येतो, ईसीच्या भाषेत ०.३ च्या आसपास. हे पाणी उत्तम. ०.३ ते ०.६ असेल तरी चालतं. ०.८ च्या वर गेलं तर ते जड पाणी आहे, त्यात आधीच क्षार भरलेत, रोपाला हवं ते न्यूट्रिएंट टाकायला जागाच उरत नाही आणि पीएच कितीही खाली आणला तरी दुसऱ्या दिवशी परत वर. अशा वेळी निम्मं आरओचं आणि निम्मं नळाचं पाणी मिसळायचं.

सावधान: आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते वापरायचं नाही. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने लोक तेच टाकीत भरतात, पण नळाच्या पाण्यातले सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. आणि उलट, शंभर टक्के आरओचं पाणी वापरलंत तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं, मग कॅल-मॅग वेगळं घालावं लागतं.

मीटरबद्दल दोन गोष्टी. पीएच मीटर डब्यातून काढला आणि बुडवला असं चालत नाही, सोबत पावडरच्या पुड्या येतात, ४.०१ आणि ६.८६ च्या, त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून आधी कॅलिब्रेट करायचा आणि नंतर दर पंधरा दिवसांनी परत. टीडीएस पेन वापरत असाल तर तो ५०० चा हिशोब धरतो की ७०० चा ते बघा. एकच पाणी, ईसी १.०, पण एक पेन ५०० दाखवतो आणि दुसरा ७००. मैत्रिणीने सांगितलेला आकडा तुमच्या पेनवर आणायला गेलात की न्यूट्रिएंट जवळपास दीडपट पडू शकतं. म्हणून मी सगळीकडे ईसीच लिहिणार.

तपासा: वहीत सात दिवसांचे आकडे आहेत का? ते एकमेकांच्या जवळ आहेत का? एक दिवस ०.२ आणि एक दिवस ०.९ असं असेल तर पाणी भरायचा दिवस तुम्हाला निवडावा लागेल, आणि भरण्याआधी दर वेळी मोजावं लागेल.

टप्पा २: स्टँड आणि पाइप

७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, सव्वा मीटरचे चार तुकडे. प्रत्येकात २० सेंमी अंतरावर सहा भोकं, दोन इंची नेट पॉट (जाळीदार छोट्या कुंड्या) बसतील अशी. भोकं होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) पाडून घ्या, हार्डवेअरवाला पाडून देतो, आणि पाडताना पाइपवर आधी सरळ रेघ मारून घ्या नाहीतर भोकं फिरत जातात आणि रोपं एक इकडे एक तिकडे झुकतात. आतला भुसा आणि कडा पॉलिश पेपरने साफ करायच्या. हा भुसा नंतर पंपात जाऊन अडकतो.

पांढऱ्या पाइपातून ऊन आत झिरपतं, उजेड आणि न्यूट्रिएंट एकत्र आले की शेवाळ झालंच. पाइपला बाहेरून आधी काळा रंग, मग त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा उष्णता. आळस करून नुसता काळाच ठेवलात तर उन्हाळ्यात पाइप तापतो, आणि हात लावून चटका बसला तर आत मुळांचं काय होत असेल विचार करा.

आता शेवटाचं झाकण, म्हणजे एंड कॅप. पाणी बाहेर पडायचं भोक सगळेजण अगदी तळाला पाडतात. तसं केलं की पंप बंद झाल्याबरोबर पाइप कोरडा. भोक तळापासून थोडं वर, मध्यापासून बाजूला पाडायचं, त्यात रबरी ग्रोमेट (पाणी गळू न देणारी कडी) घालून आउटलेटचा तुकडा बसवायचा. मग गंमत अशी की एंड कॅप गोल फिरवली की भोकाची उंची बदलते, म्हणजे पाइपात किती पाणी साठून राहावं हे तुम्हाला ठरवता येतं. सुरुवातीला साधारण अडीच सेंमी ठेवा, नेट पॉटचं बूड जेमतेम पाण्याला टेकतं. म्हणून एंड कॅपला सॉल्व्हेंट लावून कायमची चिकटवू नका, घट्ट बसवा आणि कडेने सिलिकॉन लावा, ते पुढे कापून काढता येतं. एवढं पाणी राहिलं की चार पाइपांत मिळून सहाएक लिटर होतं, आणि लाइट दोन-चार तास गेली तरी मुळं ओली राहतात. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जायची सवय आहेच आपल्याला.

स्टँड भिंतीच्या बाजूला, रेलिंगला टेकवून नाही. जूनमधला वारा भिंतीला बांधलेला स्टँडही हलवतो, तेव्हा दोन ठिकाणी अँकर मारून घ्याच. दोन पाइपांत उभं अंतर ३० ते ३५ सेंमी, आणि प्रत्येक वरचा पाइप खालच्यापेक्षा वीतभर मागे. सरळ एकाखाली एक लावले तर तळाच्या पाइपला वरच्या पानांची सावली पडते, आणि मग लोक मला विचारतात की खालचीच रोपं बारीक का राहतात. पायऱ्या करून पण तळाला ऊन कमीच मिळणार, तिथे पुदिना ठेवायचा.

टाकी ४० लिटरची, झाकणाची, आरपार न दिसणारी. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, एका जागी, ती बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला न ठेवता खोलीच्या भिंतीलगत ठेवा. झाकणात पाइप जायला जी भोकं असतील त्याभोवती जाळी किंवा फोम कोंबायचा. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, महापालिकेची माणसं अळ्या बघायला येतात तेव्हा हीच टाकी आधी उघडून बघतात, आणि आपल्या घरात लहान मुलं असतात हे त्याहून मोठं कारण.

टप्पा ३: पंप, टायमर, करंट

खोक्यावर पंपाचा हेड लिहिलेला असतो, १.८ मीटर वगैरे. तो आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं आणि थांबतं ती उंची, त्या उंचीला धार शून्य. वरचा पाइप टाकीपासून दीड मीटरवर असेल तर १.८ चा पंप नुसता थेंब थेंब देईल. अडीच-तीन मीटर हेडचा घ्या आणि धार जास्त वाटली तर बॉल व्हॉल्व्हने कमी करा. जास्तीचं कमी करता येतं, कमीचं वाढवता येत नाही.

टायमर साधा चालतो. दिवसा १५ मिनिटं चालू आणि ३० मिनिटं बंद, रात्री दोन तासांनी एकदा १५ मिनिटं. उन्हाळ्यात दिवसभर चालूच ठेवते मी. सोबत फिश टँकचा छोटा एअर पंप आणि एअर स्टोन टाकीत सोडा, खर्च फार नाही आणि मुळांना ऑक्सिजन मिळतो.

सावधान: प्लग पॉइंट पाण्याच्या पातळीच्या वर असायला हवा, आणि वायर प्लगमध्ये शिरण्याआधी एकदा खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग पंप. टाकीत हात घालताना प्लग काढायचा, दर वेळी, एक मिनिटाचं काम असलं तरी.

टप्पा ४: चोवीस तास कोरं पाणी

नळाचं साधं पाणी भरा आणि चोवीस तास चालवा. जोडांखाली वर्तमानपत्र पसरा, गळती असेल तर ओला डाग दाखवून देतो कुठे आहे ते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर न्यूट्रिएंटचं पाणी टपकण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट मुद्दाम करून बघा: पंप चालू असताना टाकीत किती पाणी उरतं त्याची मार्करने खूण करा, मग पंप बंद करा आणि पाइपांतलं वरचं पाणी परत आल्यावर पातळी कुठे येते तीही खूण. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर लाइट गेल्यावर ती सांडणार. भरायची रेघ इथेच ठरते.

तपासा: चारही पाइपांत पाणी सारखं साठतंय का? पाइपला मीटरभरात साधारण एक-दीड सेंमीच उतार हवा. उतार जास्त झाला की एका टोकाचे पॉट बुडतात आणि दुसऱ्या टोकाचे तहानलेले राहतात.

टप्पा ५: आता बी

आता, आधी नाही. लोक म्हणतात की बी आधी टाकलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. वाचत नाहीत. सेटअप अडकतो, रोपं ट्रेमध्ये लांबत जातात आणि वाईट रोपांनी सुरुवात होते. हे दोन-तीन आठवडे सिस्टिम कोऱ्या पाण्यावर चालू द्या, टाकीतलं पाणी दुपारी किती तापतं ते लिहून ठेवा.

महिना कुठला? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. लेट्यूस, पाक चॉय, केल, पालक, कोथिंबीर सगळं याच दिवसांत आनंदाने येतं. पहिलाच प्रयत्न एप्रिलमध्ये करू नका, प्लीज. उन्हाळ्यात लाल माठ, बेसिल, पुदिना, मायाळू घ्या. टोमॅटो, काकडी पहिल्या वर्षी नकोच, त्यांना टाकी मोठी लागते, आधार लागतो, न्यूट्रिएंट वेगळं लागतं.

एक इंची स्पंजचे तुकडे मिळतात, ते पाण्यात बुडवून आतली हवा पूर्ण निघेपर्यंत दाबायचे. कोरडा मधला भाग राहिला की बी तिथेच अडतं. लेट्यूसचं बी खोल पुरायचं नाही, स्पंजच्या चिरेत नुसतं टेकवायचं. ते उष्णतेत झोपून जातं, २७-२८ अंशांच्या वर उगवायलाच तयार नसतं, आणि लोक बीवाल्याला दोष देतात. ओल्या स्पंजसकट ट्रे एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग बाहेर काढा, फरक बघा.

देशी पालकाचं बी खडबडीत असतं, रात्रभर भिजत घालायचं. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीने कापायचे, उपटायचे नाहीत, उपटताना राहणाऱ्याचं मूळ दुखावतं. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या आणि एका स्पंजमध्ये चार-पाच टाकायच्या, आठ-दहा दिवस वाट बघायची. पुदिन्याला बी नकोच, मंडईतल्या जुडीतल्या जाड चार काड्या ग्लासात ठेवा, आठवडाभरात मुळं येतात.

कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात. इथे एक दिवसाची चालढकल झाली तरी रोप सुतळीसारखं बारीक आणि लांब होतं आणि पुढे कधीच सावरत नाही. पहिली खरी पानं (बीतून आधी येणाऱ्या दोन पानांनंतरची) आली की ट्रेमध्ये साध्या पाण्याऐवजी ०.५ ते ०.६ ईसीचं पाणी द्यायचं.

टप्पा ६: न्यूट्रिएंट मिसळायचा क्रम

सगळ्यात जास्त रोपं मी याच टप्प्यावर मेलेली बघितलीत, म्हणून एकेक पायरी वेगळी सांगते.

१. टाकीत पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं.
२. बाटलीवर लिटरला जेवढे मिली लिहिलेत त्याच्या निम्म्याने सुरुवात. आधी ए घाला, काठीने दोन मिनिटं ढवळा.
३. मग बी बाटलीतलं घाला, परत ढवळा.
४. पंधरा मिनिटं पंप चालवा.
५. ईसी मोजा. कमी असेल तर दोन्ही सारखेच थोडे थोडे वाढवत आणा.
६. पीएच सगळ्यात शेवटी.

ए आणि बी एकाच मापात, एकाच बाटलीत, एकत्र कधीही नाही. ए मध्ये कॅल्शियम असतं आणि बी मध्ये फॉस्फेट-सल्फेट, दोन्ही घट्ट स्वरूपात भेटले की पांढरा साका होऊन तळाला बसतो आणि तो रोपाला खाता येत नाही. ईसी मीटरवर आकडा मग येतच नाही, लोक आणखी ओततात. माप एकच असेल तर मधे स्वच्छ विसळून घ्या.

पीएच आधी का नाही? कारण न्यूट्रिएंट घातल्यावर तो आपोआप खाली येतो. आधीच ६ वर आणला आणि मग ए-बी घातलं तर ५ च्या खाली जातो, मग पीएच अप, मग डाउन, असं ओढाताण करत बसतात. पाहिजे ५.५ ते ६.५ च्या मधे, मी ५.८ ते ६ वर ठेवते. पीएच डाउन म्हणजे बहुतेक करून फॉस्फरिक ॲसिड, हातमोजे घालायचे, सिरिंजने एकेक मिली टाकीत सोडायचं, ढवळायचं, दहा मिनिटं थांबून मोजायचं. नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो पण एक-दोन दिवसांत परत चढतो.

ईसी किती? लावणीच्या वेळी ०.८, मग लेट्यूसला ०.८ ते १.२, बेसिलला १ ते १.६, पालकाला १.८ ते २.३, पुदिन्याला २ च्या वर. टाकी एकच आहे तर काय करायचं? १.२ ते १.४ वर ठेवा, लेट्यूस आनंदात राहतं आणि पालक जरा हळू वाढतो, पण जास्त ईसीने लेट्यूसची कड जळते त्यापेक्षा हळू पालक परवडला.

सावधान: नर्सरीतलं १९:१९:१९ स्वस्त पडतं म्हणून वापरू नका. त्यात कॅल्शियम नाही, आणि त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, मातीत जीवाणू त्याचं रूपांतर करून देतात, या पाण्यात ते फारसे नसतात. शेणाची स्लरी, जीवामृत वगैरे कुंडीत छान, इथे पाइप तुंबतात आणि वास येतो.

टप्पा ७: लावणी आणि पहिले दहा दिवस

रोपाला तीन-चार खरी पानं आणि स्पंजच्या तळातून पांढरं मूळ बाहेर आलेलं, या दोन्ही खुणा दिसल्या तरच लावायचं, साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. संध्याकाळी लावा. स्पंज नेट पॉटमध्ये ठेवून भोवती क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या), आधी धुतलेले. मुळं हाताने ओढून जाळीतून बाहेर काढायची नाहीत.

पहिले तीन दिवस दुपारी मान टाकतात, संध्याकाळी उभी राहतात, घाबरू नका. दहाएक दिवसांनी मुळं पॉटच्या खाली बोटभर लोंबायला लागली की एंड कॅप जरा फिरवून पाण्याची पातळी सेंमीभर खाली आणा. वरच्या मुळांना हवा मिळते. हे न केलं तर सगळं मूळ बुडून राहतं आणि गुदमरतं.

आणि कबुतरं! लावणीच्या आधीच बाल्कनीला जाळी. कोवळं लेट्यूस ती एका सकाळीत संपवतात, शिवाय विष्ठा पानावर आणि टाकीवर, आणि ही पानं आपण कच्ची खाणार असतो.

टप्पा ८: रोजची पाच मिनिटं

सकाळी पातळी, ईसी, पीएच, दुपारी एकदा पाण्याचं तापमान. आकडे लिहिणं पुरेसं नाही, ते काय सांगतायत ते कळायला हवं.

पाणी कमी झालं आणि ईसी वाढला, म्हणजे रोप पाणी जास्त पितंय आणि जेवण कमी, उकाड्यात असंच होतं. साधं पाणी घाला, न्यूट्रिएंट नाही. पाणी कमी झालं आणि ईसीपण उतरला, म्हणजे भूक आहे, थोडं ए आणि तेवढंच बी. बहुतेकजण रोजच्या रोज भर घालताना न्यूट्रिएंटचंच पाणी घालत राहतात आणि पंधरा दिवसांत ईसी कुठल्या कुठे जातो. पीएच हळूहळू वर सरकणं नॉर्मल आहे, ६.५ ओलांडला तरच हात लावा, रोज ०.१ साठी ॲसिड ओतत बसू नका.

दर दोन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून नवीन मिश्रण. जुनं पाणी कुंड्यांना घाला, जास्वंद खूश होते त्यावर.

तापमानाचं जरा सविस्तर सांगते कारण माझी चोवीसच्या चोवीस रोपं यातच गेली. एप्रिलचा पहिला आठवडा, पश्चिमेची बाल्कनी, टाकीवर दुपारी दीड-दोन तास ऊन येत होतं आणि मी वरच्या पानांकडेच बघत होते, ती हिरवीगार. दोन दिवसांनी भर उन्हात सगळी माना टाकून, पाणी तर भरपूर. एक पॉट उचलला तर मुळं तपकिरी, बोटाला बुळबुळीत, ओढली की साल हातात आणि आत नुसता दोरा, आणि नाल्यासारखा वास. थर्मामीटर ३३ दाखवत होता. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच, आणि नेमकी तेव्हाच मूळकुजवी बुरशी जोरात असते. त्या दिवसापासून टाकीला चंदेरी बबल शीट गुंडाळलेली आहे आणि ती पूर्ण सावलीत आहे. पाणी २४ च्या आसपास असावं, २८ च्या पुढे गेलं की बाटलीत बर्फ करून टाकीत सोडा. एक लिटरची एक बाटली चाळीस लिटर पाणी दोन-अडीच अंश खाली आणते, तेव्हा दुपारी दोन बाटल्या आणि फ्रीझरमध्ये पुढच्या दोन तयार.

तपासा: आठवड्यातून एकदा एक पॉट उचलून मूळ बघा. पांढरं किंवा फिकट क्रीम हवं, वास नको. पान आजारी दिसायच्या चार दिवस आधी मूळ सांगतं.

टप्पा ९: पान काय सांगतंय

नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाहीये, आणि दहातल्या नऊ वेळा लोह पाण्यात आहे पण पीएच वर गेल्यामुळे रोपाला घेता येत नाही. जास्तीचं न्यूट्रिएंट ओतू नका, पीएच उतरवा. जुनी, खालची पानं पूर्ण पिवळी: नायट्रोजन कमी, म्हणजे ईसी बघा. जुन्या पानांत शिरांच्या मधे पिवळेपणा: मॅग्नेशियम.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर लोक कॅल्शियम आणतात. पाण्यात कॅल्शियम असतंच बहुतेक, पण बाल्कनीत हवा हलत नाही म्हणून ते कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही. छोटा टेबल फॅन दिवसातून काही तास लावा.

मावा आणि पांढरी माशी येणारच, जवळच्या कुंडीतल्या जास्वंदीवरून येतात. पिवळे चिकट सापळे लावून ठेवा, पानाची मागची बाजू रोज बघा, मावा दिसला की आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. नाहीच गेला तर लिटरला ३ ते ५ मिली नीम ऑइल, दोन थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी, आणि टाकीचं झाकण बंद करून. उन्हात मारलंत तर पान भाजतं. पावसाळ्यात ऊन कमी आणि दमट हवा जास्त, तेव्हा रोपं एकाआड एक भोकात लावा, रिकाम्या भोकांवर झाकण, आणि पावसाचं पाणी टाकीत जाऊन ईसी पाडत नाही ना ते बघा.

टप्पा १०: काढणी आणि धुणं

लेट्यूस लावणीनंतर ३० ते ४० दिवसांत तयार. सगळं रोप उपटायची गरज नाही, बाहेरची तीन-चार पानं कात्रीने काढा, मधला गाभा ठेवा, तीन-चार वेळा मिळतं. सकाळी लवकर काढा, दुपारची पानं मऊ असतात. रोप मधूनच उंच चढायला लागलं की त्याच दिवशी पूर्ण काढा, तुरा येतोय, एक-दोन दिवसांत कडू होतं. पालक आणि माठ चार बोटं सोडून कापला की परत फुटतो. पुदिना जेवढा खुडाल तेवढा भरतो, फक्त त्याची मुळं शेजारच्या पॉटमध्ये शिरून पाइप अडवतात, महिन्यातून एकदा ती छाटावी लागतात.

चोवीसही भोकांत एकाच दिवशी लावू नका. एकाच आठवड्यात चोवीस लेट्यूस खाणार कोण? दर दहा दिवसांनी सहा रोपं, म्हणजे एक पाइप. वरून सुरू करून खाली येईपर्यंत पहिला पाइप काढणीला येतो आणि त्याच्या जागेची रोपं ट्रेमध्ये तयार असतात. पालक-माठासाठी एक पाइप राखून ठेवला तरी हिशोब जमतो.

हंगाम संपला, साधारण मार्चअखेर, की सगळं रिकामं करा. एंड कॅपचं सिलिकॉन कापून कॅप काढायची, पाइपात बाटली धुवायचा लांब ब्रश फिरवायचा, मग टाकीत ब्लीचिंगचं सौम्य पाणी करून तासभर पंपाने फिरवायचं आणि नंतर दोन-तीन वेळा साध्या पाण्याने, क्लोरीनचा वास जाईपर्यंत. हे ब्लीचचं पाणी मात्र कुंड्यांना नाही, बाथरूममध्ये ओता. पंप उघडून आतला पंखा काढा, त्याभोवती मुळांचे केसासारखे धागे गुंडाळलेले असतात, जुन्या टूथब्रशने साफ होतात. पीएच मीटरचं टोक कोरडं ठेवून कपाटात टाकू नका, टोपीत स्टोरेज सोल्युशनचे चार थेंब घाला, डिस्टिल्ड वॉटर नाही. नाहीतर ऑक्टोबरमध्ये तो चुकीचा आकडा दाखवेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून ॲसिड ओताल.